नशीब की हातोटी?

‘नशिबाचा खेळ, दुसरे काय?’ असे म्हणून पिनबॉल निकालात काढणाऱ्यांशी आमचा वाद आहे. ज्या घरांतून मे महिन्याच्या सुट्टीत खिळे ठोकलेल्या पाटाचे बॅगाटेल खेळले गेले, त्यांना हा खेळ परका नाही. दोघांचे घराणे एकच. बॅगाटेलमध्ये मात्र गोळी सुटली की खेळणारा केवळ प्रेक्षक उरतो. पिनबॉलही आरंभी असाच होता. १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रात बटण दाबताच उसळणारे फ्लिपर आले आणि घसरत्या गोळ्याला उत्तर देणे शक्य झाले.

गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह धरण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आमचे म्हणणे लवकर उमजेल. गाढवी नदीचे पाणी उताराने जाणारच. माणसाने ते थोपवले आणि कालव्यांतून धानाच्या शेतांकडे वळवले. पिनबॉलच्या सुमारे साडेसहा अंशांच्या उतारावर ८० ग्रॅमचा पोलादी गोळाही खालीच येणार. त्याला फ्लिपरवर क्षणभर थोपवावे, नेम धरावा आणि हव्या त्या वाटेला लावावे, यातच खरी गोडी आहे. दोन्ही बटणे उगाच बडवणाऱ्याला ती कळत नाही. यंत्राला हलका धक्का देण्याची मुभा असते. पण जोर वाढला की आतला लोलक कड्याला टेकतो, ‘टिल्ट’ होते आणि चालू गोळा हातचा जातो.

१९४२ साली न्यू यॉर्क शहराने या खेळाला जुगार ठरवून बंदी घातली. त्यावर पैसे लावले जात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु १९७६ साली रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीपुढे गोळा कोठे जाईल हे आधी सांगून तो नेमका तेथेच पाठवला, आणि बंदी उठली.

‘जुगार, जुगार’ म्हणणारे पालक आज मुलांच्या हाती कोणते खेळ देतात? हरल्यावर पैसे भरून ‘जीव’ विकत घ्यावा, असे मोबाइलवरील खेळ! जुन्या पिनबॉललाही नाणे लागे. पण त्या नाण्याने नवा डाव मिळे, गमावलेला गोळा परत मिळत नसे. हार ही हारच राही, आणि ती पचवावी लागे.

तेव्हा पालकहो, माळ्यावरचे बॅगाटेल खाली काढा. मूल नशिबाला बोल लावू लागले, तर त्याला एवढेच विचारा : स्प्रिंग किती ओढली होतीस?