नववीतल्या पोरांना कोण विचारतं?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत सत्कार होतो. गुलाबाचं फूल, बाबासाहेबांची प्रतिमा, फोटो. बारावीनंतर मार्गदर्शन शिबिरही होतं. पण नुकत्याच नववीत गेलेल्या पोरांना कुणी काही विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे, आपण उशिरा पोहोचतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची हमी ६ ते १४ वयोगटाला, म्हणजे आठवीपर्यंतच. नववीत कायद्याचा हात सुटतो. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या पोराला नववीतच अडकवायचं किंवा '१७ नंबरचा फॉर्म भर' म्हणून बाहेरची वाट दाखवायची, हेही याच वर्षी घडतं. पोरगा कामाला लागतो आणि पोरीसाठी स्थळं येऊ लागतात.

'हुशार पोरं आपली वाट आपणच काढतात,' असं आपलेच साहेब झालेले लोक सांगतात. हे खोटं आहे. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. पण बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला हेरून पुस्तकं देणारे आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. त्यातून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बुद्धी बाबासाहेबांची होतीच, पण वाट दाखवणारं माणूसही होतं. आज वस्तीत केळुसकर कोण होणार?

आमच्याकडच्या एका मुलाला बारावीला उत्तम गुण होते. जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. आजोबांच्या शाळेचा दाखला गावाकडे होता. तो सापडेपर्यंत मुदत संपली आणि राखीव जागा गेली. तोच दाखला नववीत शोधला असता तर? त्याच्या आईचा हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. कारण मी त्याला लहानपणापासून ओळखत होतो आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

म्हणून कार्यकर्त्यांना एकच काम सुचवतो. विहारात महिन्यातला एक रविवार नववीच्या मुलामुलींसाठी ठेवा. प्रत्येकाची एक फाईल करा: जातीचा दाखला, १९५० पूर्वीचा पुरावा, बँक खातं. आयटीआय, डिप्लोमा आणि अकरावी यांतला फरक समजावा. समाजकल्याणची वसतिगृहं आणि दहावीनंतरची स्वाधार योजना आई-वडिलांना सांगा. गणित-इंग्रजी कच्चं असेल तर वस्तीतल्याच कॉलेजच्या पोरांना शिकवायला बसवा. आणि आधी पोरांचं ऐका. प्रत्येकानं एमपीएससीच करावी, हा हट्ट आपला असतो, त्यांचा नाही.

याला डीजेच्या एका रात्रीइतकाही खर्च येत नाही. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश भिंतीवर रंगवून पुरत नाही, नववीतल्या पोराशेजारी मांडी घालून बसावं लागतं.

जय भीम!