देव सर्वांचा, यादी मात्र पुरुषांची

लताबाईंचे गाणे कोठेही कानी पडले की गोमंतकीय माणसाची मान ताठ होते. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा मंगेशीचे नाव पुन्हा एकदा सर्वतोमुखी झाले. कारण त्यांचे वडील मास्टर दीनानाथ तेथलेच, आणि गावच्या देवाचे नावच त्यांनी आडनाव म्हणून मिरविले. केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतील तबकडीवर गेली व ती आज सूर्यमंडळाच्या वाऱ्याचीही वेस ओलांडून पुढे चालली आहे. कुर्डीच्या मोगूबाईंस १९७४ साली पद्मभूषण मिळाले. या नावांचा उच्चार केल्यावाचून आमच्याकडे एखादा सत्कारसमारंभ क्वचितच पार पडतो. आमचा प्रश्न एवढाच, की या तिघींपैकी एकीचे तरी नाव आपल्या जुन्या देवस्थानांपैकी एखाद्याच्या महाजनांच्या यादीत चढू शकले असते काय?

वाचकांस उत्तर ठाऊक आहे. एक तर त्या स्त्रिया. आणि दुसरे असे की ज्या समाजाने देवळाच्या चौकात पिढ्यान् पिढ्या गाऊन देवाला जागविले, त्या समाजाचे स्थान सेवेत होते, सभेत नव्हते. त्यांचा सूर आम्हांस हवा होता. त्यांची सही नको होती.

आता कायद्याकडे वळू. गोव्यातील देवस्थानांचा कारभार ज्या नियमनाने चालतो, ते पोर्तुगीज सरकारने १९३३ साली काढलेले आहे. महाजनांची यादी, त्यांची सभा, दर तीन वर्षांनी निवडावयाची कार्यकारी समिती, अंदाजपत्रक, हिशेब आणि या सर्वांवर मामलेदाराची देखरेख ही सारी रचना त्यातली. महाजनपद त्याने ठराविक कुळांतील पुरुष वारसांच्या पदरी टाकले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पण १९६२ च्या कायद्याने जुने कायदे बदलले जाईपर्यंत चालू राहिले, आणि त्या लोंढ्यात हे नियमनही स्वतंत्र भारतात येऊन दाखल झाले. काही देवस्थानांनी आपल्यापुरते पुढे पाऊल टाकले असेल, तर त्यांस आमचे वंदन असो. आमचे भांडण आहे ते या व्यवस्थेला 'सनातन परंपरा' म्हणून हात जोडणाऱ्यांशी. ज्या राजवटीने साष्टी, तिसवाडी आणि बारदेशातील आमची देवळे पाडली, तिच्याच राजपत्रातील एक कलम आज आमचे धर्मरक्षक वेदवचनासारखे उराशी धरून बसावेत, यापरते आश्चर्य कोणते?

परंपरेचाच आधार घ्यावयाचा तर तो पुरता घ्यावा. १५६० च्या सुमारास मंगेशाची स्थापना कुशस्थळीहून प्रियोळास आली. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. अघनाशिनीचे पात्र ओलांडून, घरदार टाकून, अंत्रुज महालाच्या रानात जी कुटुंबे देवासह उतरली, त्यांत काय केवळ पुरुषच होते? त्या रात्री दिवा विझू नये म्हणून पदर आडवा धरणारी कोणी नव्हतीच काय? देव वाचविण्याच्या वेळी कुटुंब सारे होते. देवाचा कारभार वाटण्याच्या वेळी मात्र कुटुंब म्हणजे पुरुष ठरले. आणि देव तरी कोण? शांतादुर्गा, म्हाळसा, महालक्ष्मी, कामाक्षी, विजयादुर्गा! जिच्यापुढे लोटांगण घालावयाचे ती स्त्री. पण तिच्या तेलवातीच्या खर्चावर बोट ठेवण्याचा अधिकार मात्र स्त्रीला नाही.

याच गोव्यातील दुसरा कायदा पाहा. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता येथे १८७० साली लागू झाली आणि तेव्हापासून आई-बापांच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा आहे. उर्वरित भारतातील हिंदू कन्येला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत भावासारखा जन्मसिद्ध हक्क केंद्रीय कायद्याने मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली गोव्याच्या या समान कायद्याचा गौरवाने उल्लेख केला, तेव्हा आम्हीही आनंदाने माना डोलविल्या. पण वकिली व्यवसायात आमच्यापुढे हा विरोधाभास नेहमी येतो: वडिलांच्या मृत्यूनंतर घर, कुळागर व बँकेतील ठेव यांची वाटणी होते, त्यात बहिणीची सही घेतल्यावाचून कागद पुढे सरकत नाही, आणि वडिलांचे महाजनपद मात्र न विचारता भावाकडे जाते. कुळागरातील माडाला जी वारस आहे, ती कुळदैवताला परकी ठरते.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते: मुलगी लग्न होऊन परगोत्री जाते. ठीक. मग त्याच न्यायाने जी सून गोत्रात आली, तिचे नाव यादीत का नाही? माहेरच्या यादीतून ती गेली म्हणून वगळावयाची आणि सासरच्या यादीत ती बाहेरून आली म्हणून घ्यावयाची नाही, हा न्याय कोणत्या स्मृतीतला? इकडे मुंबईस, बेळगावास किंवा परदेशी स्थायिक झालेला पुत्र तीन वर्षांतून एकदा मतदानापुरता उगवला तरी तो महाजन. आणि देवळाच्या पायथ्याशी राहून रोज पहाटे फुले वेचणारी, पंचखाद्य करणारी, जत्रेच्या आठवड्यात शंभर पाहुण्यांची पाने मांडणारी त्याची वहिनी मात्र केवळ 'भाविक'!

दुसरा आक्षेप कायदेपंडितांचा. घटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक संप्रदायास आपले धर्मकार्य पाहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, त्यात शासनाने हात घालू नये, असे ते म्हणतात. हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. देवळाच्या दानपेटीवर डोळा ठेवणारे सरकार आम्हांसही नको. परंतु तोच अनुच्छेद पूजाअर्चेची व्यवस्था आणि मिळकतीचा कारभार यांत भेद करतो. मिळकतीचा कारभार कायद्यानुसार चालला पाहिजे, असे त्यातच लिहिले आहे, आणि शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो भेद स्पष्ट केला. गाभाऱ्यात कोणी शिरावे, अभिषेक कोणी करावा, हा आमचा आजचा विषय नाही. अंदाजपत्रकावर मत कोणी द्यावे, भाडेपट्टा कोणास द्यावा, जीर्णोद्धाराचे कंत्राट कसे सोडावे, हा विषय आहे. हिशेबाच्या वहीला सोवळे नसते.

स्त्रियांस हा कारभार झेपणार नाही, असे आता उघडपणे कोणी म्हणत नाही. म्हणण्यास तोंडही राहिलेले नाही. १९७३ साली शशिकलाताई काकोडकर गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या. ज्या मामलेदारांपुढे देवस्थानांचे हिशेब जात, ते सारे त्यांच्या शासनाचे सेवक. म्हणजे एक स्त्री सगळ्या मामलेदारांवर हुकूम चालवू शकत होती. परंतु देवस्थानच्या सभेत हात वर करू शकत नव्हती! २०१६ साली शनिशिंगणापूरच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद एका स्त्रीकडे गेले, तेव्हा तेथे आकाश कोसळले नाही.

राहिला सेवेकऱ्यांचा प्रश्न. मंदिर उभारणाऱ्या कुळांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण मंदिर एकदाच उभारले जाते; ते चालविले जाते रोज. वाजंत्री, दिवटी, पालखी, फुले, गायन यांचा भार ज्यांनी वाहिला, त्यांना समितीत एखादी जागाही न देणे, ही कृतघ्नता आहे. राजाराम पैंगीणकरांनी १९६९ साली आपल्या आत्मचरित्रास 'मी कोण?' असे नाव दिले. तो प्रश्न एका व्यक्तीचा नव्हता. तो देवळाच्या दारात उभा राहून आम्हां सर्वांस विचारलेला होता. त्याचे उत्तर सत्काराच्या शालीने देता येत नाही.

उपाय अवघड नाही. धार्मिक संस्थांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्याच्या विधानसभेस आहे. तिने १९३३ च्या नियमनातील पुरुषपणाची अट काढावी, सुनेस व कन्येस एका यादीत, तिच्या पसंतीच्या, नाव नोंदविण्याचा हक्क द्यावा आणि सेवेकरी समाजास समितीत स्थान द्यावे. पण विधानसभेने बोट धरून न्यावे लागणे हे आम्हां भाविकांस भूषणावह नाही. येत्या वार्षिक सभेत एखाद्या महाजनाने उठून तसा ठराव मांडावा. विरोध झाला तर विरोध करणाऱ्याचे नाव इतिवृत्तात लिहावे, म्हणजे त्याच्या नातींना तो पुढे वाचता येईल.

आणि जे अजूनही देवाची इच्छा निराळी आहे असे सांगतात, त्यांनी एकदा शांतादुर्गेपुढे उभे राहून कौल लावावा. पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, हे आम्ही त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडतो.