औषध दिले, समज कोणी द्यावी?

वार्धक्यातील बहुतेक व्याधींचे एक वैशिष्ट्य असे की, त्या एकदा आल्या म्हणजे निरोप घेण्याचे नाव काढीत नाहीत. तरुणपणी आलेला ताप चार दिवसांच्या औषधाने उतरतो आणि रोगी त्या तापालाही विसरतो व औषधालाही. परंतु साठीच्या सुमारास रक्तदाब वाढला, मधुमेह जडला किंवा सांधे धरले, म्हणजे त्यांचा बंदोबस्त उर्वरित आयुष्यभर करावा लागतो, आणि तो दवाखान्यात नव्हे, तर स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर आणि उशाशी ठेवलेल्या डब्यातील गोळ्यांच्या आधारे करावा लागतो. डॉक्टर महिना-दोन महिन्यांतून काही मिनिटे भेटतात. उरलेला सर्व काळ व्याधीचा कारभार रोगीच पाहत असतो. असे असता ज्याच्या हाती हा कारभार आहे त्यालाच त्याचे कागद वाचता येऊ नयेत, आणि ते येत नाहीत याची कोणालाही दिक्कत वाटू नये, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेतील एक मोठी विसंगती होय.

प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात दहा कोटींच्या वर होती, आणि लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात देशाच्या सरासरीहून अधिक होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या वार्धक्यविषयक पाहणीतून असे निष्पन्न झाले की, बहुसंख्य वृद्धांना कोणता ना कोणता जुनाट आजार आहे. या पिढीतील, विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रियांपैकी, कितीतरी जणींनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. आणि ज्यांनी पाहिले त्यांचेही शिक्षण मराठीत झालेले आहे.

आता या माणसाच्या हाती आपण काय देतो ते पाहावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजीत, आणि तेही घाईच्या अक्षरात, गोळीचे व्यापारी नाव असते व त्यापुढे ‘१-०-१’ अशी खूण असते. तिचा अर्थ सकाळी एक, दुपारी काही नाही आणि रात्री एक असा आहे, हे ज्याला कोणी सांगितले असेल त्यालाच कळते. वैद्यकीय परिषदेने २०१६ साली नियमांत दुरुस्ती करून औषधाचे मूळ नाव सुवाच्य, आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे असे सांगितले. पण हा नियम कितपत पाळला जातो, ते कोणत्याही घरातील चिठ्ठ्यांच्या जुडग्यावरून ताडता येते. पुढे मेडिकलच्या दुकानात दहा गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून पाच गोळ्या दिल्या जातात, तेव्हा मुदत संपण्याची तारीख एका तुकड्यावर राहते आणि पुष्कळदा नाव दुसऱ्या तुकड्यावर. एकच औषध अनेक कंपन्या अनेक नावांनी विकीत असल्यामुळे, मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ही जोडगोळी एका डॉक्टरांनी एका नावाने आणि दुसऱ्यांनी दुसऱ्या नावाने लिहून दिली, तर रोगी दोन्ही गोळ्या प्रामाणिकपणे घेतो आणि आपण एकच औषध दुप्पट घेत आहोत याची त्याला गंधवार्ताही नसते.

अशा अज्ञानाची किंमत शरीराला मोजावी लागते. ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन आषाढी एकादशीला निरंकार उपवास धरणाऱ्या आजींची साखर दुपारपर्यंत धोक्याच्या खाली उतरू शकते. त्यांना घाम फुटतो, हात कापू लागतात, बोलणे असंबद्ध होते, आणि घरातील माणसे ‘उपवासाने थकल्या’ असे म्हणून त्यांना निजवतात, जेव्हा खरी आवश्यकता शुद्धीवर असतानाच तीन चमचे साखर पाण्यातून देण्याची असते. ‘आता बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारे आजोबा हे विसरतात, किंवा त्यांना कधी सांगितलेलेच नसते, की वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतीही वेदना न देता मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांचे नुकसान करीत असतो आणि जे बरे वाटते ते त्या गोळीमुळेच टिकलेले असते. गुडघेदुखीसाठी चिठ्ठीवाचून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी रक्तदाब वाढवते आणि आधीच थकलेल्या मूत्रपिंडावर भार टाकते, ही गोष्ट ती विकणाऱ्याने सांगितली पाहिजे. परंतु सांगण्याची वहिवाटच आपल्याकडे पडलेली नाही.

यावर एक ठराविक आक्षेप घेतला जातो, की म्हातारी माणसे हट्टी असतात, त्यांना सांगून उपयोग नाही. हा आक्षेप मला मान्य नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यातील एका नोंदीचा फरक ओळखून तलाठ्याच्या दप्तरापर्यंत जाणारा शेतकरी आणि अक्षरओळख नसताना वर्षातील सर्व तिथी, सण आणि सोयरसुतक बिनचूक लक्षात ठेवणारी आजी यांची आकलनशक्ती साठीनंतर एकाएकी लोपते, असे मानण्यास आधार नाही. ज्याचे प्रयोजन पटते ते माणूस शिकतो. आपण त्यांना प्रयोजन सांगत नाही, केवळ हुकूम सांगतो. आणि हुकूम पाळला गेला नाही म्हणजे दोष त्यांच्या वयावर टाकून मोकळे होतो.

या बाबतीत कुटुंबाचे प्रेमही कधी कधी अडथळा ठरते. मुलगा डॉक्टरांशी बोलतो, सून गोळ्या काढून हातावर ठेवते, पुण्यातील किंवा परदेशातील मुलगी फोनवरून तपासणीचे आकडे विचारते, आणि ज्याच्या देहाविषयी हे सर्व चालले आहे तो मात्र दवाखान्यातल्या खुर्चीवर एखाद्या अज्ञान बालकासारखा मुकाट बसलेला असतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांची गोष्ट वेगळी; त्यांची व्यवस्था इतरांनीच पाहिली पाहिजे. परंतु ज्यांची बुद्धी शाबूत आहे त्यांच्या हातून हा कारभार काढून घेणे म्हणजे त्यांचे उरलेसुरले स्वातंत्र्य काढून घेणे होय. शिवाय सून माहेरी गेली किंवा मुलाची बदली झाली म्हणजे हा सारा बंदोबस्त एका दिवसात कोसळतो.

मात्र स्वतःची काळजी स्वतः घ्या, या उपदेशाच्या आडोशाने शासनाला आपली जबाबदारी टाळता येणार नाही. जेथे आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळीच शिल्लक नसते, तेथे रोग्याला नियमितपणाचे धडे देणे ही क्रूर थट्टा आहे. उलट पुरवठा आणि समज यांची सांगड घालता येते, हे आपल्याच राज्यात दिसून आले आहे. रक्तदाब नियंत्रणाच्या ज्या राष्ट्रीय उपक्रमास महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांतून आरंभ झाला, त्याचा पाया अगदी साधा आहे: ठरावीक मोजकी औषधे, ती एका वेळी महिनाभराची, आणि प्रत्येक रोग्याच्या नावाची नोंद.

याच धर्तीवर पुढची पावले टाकता येतील, आणि त्यांपैकी एकही खर्चिक नाही. महाराष्ट्राची राजभाषा १९६४ च्या अधिनियमाने मराठी ठरलेली आहे. तेव्हा निदान सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत प्रत्येक वृद्धाला औषध कशासाठी, केव्हा, जेवणापूर्वी की नंतर, आणि कोणते लक्षण दिसल्यास तत्काळ यावे, हे ठळक मराठी अक्षरांत लिहिलेला एक कागद मिळावा, आणि निरक्षरांसाठी त्यावर सूर्य-चंद्राची चित्रे असावीत. औषधविक्रेत्याने रोग्याला समजावून सांगावे, ही अपेक्षा औषधनिर्माण व्यवसायाच्या २०१५ च्या विनियमांत आहेच; तिची अंमलबजावणी व्हावी. डॉक्टरांनी ‘समजले ना?’ असे विचारू नये, कारण त्यावर वृद्ध माणूस संकोचाने मान हलवतो. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल ते मला सांगा पाहू’ असे म्हणावे. याला एक मिनिट लागते, आणि चुकीच्या मात्रेने रुग्णालयात पडून राहण्याचे कित्येक दिवस त्यामुळे वाचतात.

आणखी एक साधन आपल्यापाशी तयार आहे, ते म्हणजे गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी जुनाट व्याधी असलेल्यांसाठी सहा आठवड्यांचे वर्ग सुरू केले, त्यांचा विशेष असा की ते वर्ग डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण घेतलेली आणि बहुधा स्वतःच तशा व्याधीने ग्रस्त असलेली सामान्य माणसे चालवतात. आपल्या संघांत वाढदिवस, सहली आणि व्याख्याने होतात. त्यांच्या जोडीला महिन्यातून एक दिवस प्रत्येकाने आपल्या औषधांचा डबा घेऊन यावे, एखाद्या औषधनिर्मात्याच्या मदतीने दुबार औषधे व मुदत संपलेल्या पट्ट्या शोधाव्यात, आणि शंका असेल ते आपल्या डॉक्टरांना विचारण्यासाठी टिपून न्यावे. मधुमेहासह वीस वर्षे निभावलेल्या माणसाचे बोलणे नव्याने मधुमेह झालेल्याला जसे पटते, तसे कोणत्याही भित्तिपत्रकाने पटणार नाही.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोफत रुग्णालयीन उपचारांची सनद केंद्र शासनाने २०२४ साली दिली, तिचे स्वागतच आहे. परंतु ती रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. दाखल होण्याची पाळी येऊ नये म्हणून जे करायचे ते घरी करावे लागते आणि ते कसे करावे हे कळावे लागते. तेव्हा राज्य शासनाने मराठी औषधपत्रिकेचा एकच नमुना ठरवून आपल्या सर्व रुग्णालयांना एका परिपत्रकाने तो लागू करावा, आणि ती पत्रिका न देता औषध देणे ही कामातील कसूर समजावी. त्याला नवा कायदा नको, मोठी तरतूदही नको. वृद्ध रोगी हा उपचारांचा विषय नसून त्यांतील भागीदार आहे, एवढे मान्य करण्याची तयारी मात्र हवी.