खाऊ ही लाच नव्हे

खडवलीपासून आसनगावपर्यंत, वाशिंदच्या दोन्ही अंगांना, बंगले आणि फार्महाऊस उभी राहिली तशी त्यांच्या फाटकांमागे जातिवंत कुत्रीही आली. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर. मालक शनिवार-रविवारी येणार, बाकीचे दिवस कुत्रा राखणदाराच्या ताब्यात. त्याला शिकवायचं कसं, हा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं. खाऊ देऊन कुत्रा बिघडतो. हातात बिस्किट असेल तोवर ऐकेल, नसेल तेव्हा पाठ फिरवेल. कुत्र्याला वचकच हवा. असं म्हणणारी माणसं निर्दय नसतात. त्यातल्या अनेकांचं आयुष्य जनावरांत गेलेलं असतं. म्हणून त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही, मुद्द्यामुद्द्याने खोडावं लागतं.

पहिला मुद्दा लाचेचा. बिस्किट नाकासमोर नाचवत ‘बस, बस, बस’ म्हणत राहणारा मालक खरोखरच लाच देत असतो. त्याचा कुत्रा आधी हात बघणार आणि मग ठरवणार, ही तक्रार रास्त आहे. पण यात खाऊ बदनाम होतो आणि देणाऱ्याची चूक नजरेआड राहते. लाच आधी दाखवतात; मोबदला काम झाल्यावर मिळतो. उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करावेत, डबीत भरून डबी खिशात ठेवावी. पहिल्या काही वेळा एक तुकडा मुठीत धरून मूठ कुत्र्याच्या नाकावरून हळूच मागे न्यायची. मान वर जाते आणि बूड आपोआप टेकतं. टेकलं त्याच क्षणी ‘शाबास’, आणि लगेच तुकडा. थोड्या वेळाने तीच मूठ, पण रिकामी. बूड टेकलं, ‘शाबास’, आणि तुकडा आता खिशातल्या डबीतून येतो. खाऊ दिसत नसला तरी काम केल्यावर मिळतो, हे कुत्र्याला कळतं. पुढे कधी एक तुकडा, कधी एकदम तीन, कधी नुसतीच पाठ थोपटायची. अशा अनियमित मोबदल्यावर घट्ट झालेली सवय लवकर सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगशाळेत कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवून दिलं. आणि ज्या कृतीचं फळ चांगलं मिळतं ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे थॉर्नडाइक यांनी त्याआधीच, १८९८ साली, पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून मांडलं होतं. वेळ मात्र साधावी लागते. कुत्रा उठून उभा राहिल्यावर ‘शाबास’ म्हटलं तर उठण्याचं कौतुक होतं, बसण्याचं नाही.

हे तत्त्व परदेशातून आलेलं खूळ आहे, असंही कुणी म्हणतं. वाशिंदच्या कुठल्याही गोठ्यात धारेच्या वेळी जाऊन पाहावं. म्हशीपुढे आंबोण ठेवलं जातं तेव्हा ती लाच घेते असं कुणी म्हणत नाही. आणि पूर्वीचा गावठी कुत्रा फुकट राखण करायचा, हेही खरं नाही. रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याला उंबऱ्याबाहेर भाकरतुकडा पडायचाच. मोबदला होता, फक्त कुणी त्याची वेळ पाळत नव्हतं.

दुसरा मुद्दा वचकाचा: कुत्रा हा लांडग्याचा वंशज, कळपात एक म्होरक्या असतो, तो म्होरक्या मालकाने व्हावं. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निरीक्षणांतून पसरली, आणि ते लांडगे प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. पुढे त्याच मेक यांनी १९९९ साली लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे मारामारी करून म्होरकेपण मिळवावं लागत नाही. ज्याने कल्पना लोकप्रिय केली त्यानेच ती मागे घेतली. आपल्याकडे मात्र चोक चेन ओढणारा अजूनही त्याच लांडग्याचा दाखला देतो.

मारून शिकवलेला कुत्रा ऐकतो, हे मी नाकारत नाही. काठी दिसते तोवर ऐकतो. आणि त्याची किंमत मोजली गेली आहे. पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हाक मारल्यावर न येणाऱ्या ६३ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना शॉक कॉलर लावून शिकवलं होतं, काहींना केवळ बक्षिसावर. बक्षिसावर शिकलेले कुत्रे मागे पडले नाहीत, उलट आज्ञा लवकर पाळू लागले. ज्या कामासाठी शॉक कॉलर विकला जातो, त्याच कामात तो अनावश्यक ठरला.

आणि हाकेला येणं ही वाशिंदमध्ये हौसेची बाब नाही. इथे एका बाजूला लोकल आणि मेलगाड्यांचे रूळ, जवळच मुंबई-नाशिक महामार्ग, पलीकडे तानसाचं रान. शहापूर तालुक्यात बिबट्याचा वावर नवा नाही. घाटापलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तिन्हीसांजेला कुंपणाबाहेर गेलेला कुत्रा ‘ये’ म्हटल्यावर धावत आला पाहिजे. आल्यावर ‘कुठे गेला होतास’ म्हणून ज्याच्या पाठीत पट्टा बसतो, तो पुढच्या वेळी चार पावलं लांबच थांबतो. त्याने गैरवर्तन केलेलं नसतं. जवळ गेलं की मार बसतो, एवढंच त्याला शिकवलेलं असतं.

तिसरा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, आणि तो राखणदारांकडूनच ऐकायला मिळतो. हातचं खायला शिकलेला कुत्रा चोराच्या हातचंही खाईल. कुंपणावरून विष घातलेला मटणाचा तुकडा टाकला की संपलं. ही भीती खरी आहे. पण असा तुकडा सगळ्यांत आधी कोण उचलतो? दिवसभर साखळीला बांधलेला, एका वेळच्या भातावर ठेवलेला उपाशी कुत्रा. उलट, पडलेलं अन्न सोडायला शिकवायचं तेच मुळी खाऊ देऊन. बंद मुठीत भाकरीचा तुकडा धरा. कुत्रा चाटेल, पंजा मारेल, कुंईकुंई करेल. मूठ उघडायची नाही, ओरडायचंही नाही. कंटाळून त्याने तोंड मागे घेतलं की ‘शाबास’, आणि दुसऱ्या हातातून कोंबडीचा तुकडा. भाकरी सोडली तर कोंबडी मिळते, हे पक्कं झालं की हाच धडा जमिनीवर ठेवलेल्या तुकड्यावर, मग चपलेखालच्या, मग परक्या माणसाने फेकलेल्या तुकड्यावर. पूर्ण हमी यातही नाही. कुणी आसपास नसताना, मध्यरात्री, कुठलीही शिकवण कमी पडू शकते. म्हणून रात्री कुत्रा सडकेच्या कुंपणापासून आत ठेवावा, आणि पोटभर खाऊ घालून ठेवावा.

खेळण्याबद्दलचा आक्षेप वेगळा आहे: दोरी ओढायला दिली की कुत्रा शिरजोर होतो. ब्रिटनमध्ये १४ गोल्डन रिट्रीव्हरांना रस्सीखेच खेळवून, कधी जिंकू देऊन, कधी हरवून हेच तपासलं गेलं. जिंकल्याने कुत्रा शिरजोर झाल्याचं आढळलं नाही. उलट, खेळ हाही मोबदलाच असतो. मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातला झंजीर हा लॅब्रेडॉर १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा म्हणून ओळखला जातो. स्फोटकांचा वास काढणाऱ्या कुत्र्याला स्फोटक म्हणजे काय हे ठाऊक नसतं. अशा कुत्र्यांच्या शिक्षणात जगभर तो वास सापडला की चेंडू किंवा खाऊ मिळतो, आणि त्यासाठी ते उन्हातान्हात कोपरान् कोपरा हुंगतात. ज्या कामावर माणसांचे जीव अवलंबून, ते असं शिकवलं जातं आणि फार्महाऊसवरचा ‘बस’ मात्र काठीनेच शिकवावा, हे मला पटत नाही. दोरीच्या खेळाला नियम एकच: ‘सोड’ म्हटलं की सोडायची, आणि सोडली की लगेच पुन्हा खेळ. दात माणसाच्या हाताला लागला तर खेळ तिथेच थांबवायचा. एप्रिल-मेच्या दुपारी चेंडू फेकू नये. शिकारीच्या धुंदीत लॅब्रेडॉर दमला तरी थांबत नाही आणि उष्माघात होतो.

खाऊवाल्यांचीही एक चूक मला बोलून दाखवायची आहे. वाशिंदच्या बंगल्यांत फुगलेले लॅब्रेडॉर दिसतात, चार पावलांत धापा टाकणारे. तुकडे देतो तेवढं ताटातलं कमी करायला हवं, ते होत नाही. बिस्किटं, चॉकलेट, द्राक्षं, मनुका देतात. चॉकलेट आणि द्राक्षं तर कुत्र्याला विषारी. कोंबडी, अंडं, पनीर, बिनमिठाचे शेंगदाणे पुरेत.

पण मोठी चूक वेगळीच आहे. मालक ट्रेनरला हजारो रुपये देतो, ट्रेनर येऊन इंग्रजीत ‘सिट’, ‘कम’ शिकवून जातो, आणि सोमवार ते शुक्रवार कुत्रा ज्याच्याजवळ असतो त्या राखणदाराच्या हातात साखळीशिवाय काही नसतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात कुत्रा सतत बांधून ठेवून त्याला पुरेसं फिरवू न देणं हादेखील गुन्हा आहे. तो गुन्हा राखणदाराच्या नव्हे, मालकाच्या नावावर आहे. राखणदाराला आठवड्याला अर्धा किलो कोंबडीचे पैसे द्यावेत, ट्रेनरला त्याच्याशी मराठीत बोलायला लावावं, ‘बस’, ‘ये’, ‘सोड’ हे शब्द दोघांनी सारखेच वापरावेत, आणि सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं कुत्र्याची साखळी काढायची मुभा त्याला द्यावी.