नियम घराला लावा, भाडेकऱ्याच्या जन्माला नको

जून महिना उजाडला की आमच्या शेतकऱ्याच्या घरी दोन पेरण्या एकदम येतात. एक रानातली आणि दुसरी पोराच्या शिक्षणाची. रानातल्या पेरणीस बी लागते, खत लागते आणि पाऊस लागतो. पोराच्या पेरणीस फी लागते, पुस्तके लागतात आणि सर्वांच्या आधी शहरात पाठ टेकण्यापुरती जागा लागते. बी-खताची चर्चा गावोगाव पारावर होते. या जागेविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. म्हणून आज तीच गोष्ट वाचकांपुढे मांडीत आहोत.

आमच्या गावच्या एका सुताराचा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यास निघाला. बाप आमच्याकडे येऊन म्हणाला, "दादा, तुमचं शहरात जाणं-येणं असतं. तेवढं पोराला खोलीवर टाकून या." आम्ही गेलो. दोन दिवस पेठा पालथ्या घातल्या. पहिल्या घरी मालकांनी मुलाचे नाव विचारले, मग आडनाव विचारले, मग गाव विचारले आणि एवढ्यानेही उलगडा होईना तेव्हा सरळच विचारले, "म्हणजे तुम्ही कोणापैकी?" उत्तर मिळताच त्यांना आठवण झाली की खोली कालच दुसऱ्यास दिली आहे! दुसऱ्या ठिकाणी सोसायटीच्या फाटकावर पाटीच होती की अविवाहितांस येथे जागा मिळणार नाही. तिसऱ्या घरी मटण-मासळीची चौकशी झाली.

अखेर एका एजंटाने एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून ठरवून आम्हांस एका वाड्याच्या माडीवर नेले. आठ बाय दहाची खोली, तीत चार कॉट. माळ्यावर आणखी दोन गाद्या. चौदा मुलांस मिळून एक मोरी. जिना एकच, तोही लाकडी. खिडकीस लोखंडी जाळी पक्की ठोकलेली. येथे जात कोणी विचारली नाही, जेवण विचारले नाही, लग्नही विचारले नाही. पैसे तेवढे आगाऊ मोजून घेतले आणि आम्ही पावती मागितली तेव्हा एजंट हसला. मुलगा तेथेच राहिला. दुसरा इलाज काय होता?

वाचकहो, या दोन दिवसांच्या पायपिटीतच सर्व प्रश्न आहे. जेथे घर बरे आहे तेथे सारे नियम भाडेकऱ्याच्या जन्माला लागू आहेत, आणि जेथे भाडेकऱ्यास कोणी काही विचारीत नाही तेथे घराला एकही नियम लागू नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आता सोसायटीवाल्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात, एका घरात आठ-दहा पोरे राहिली म्हणजे पाणी पुरत नाही, दुचाक्या वाटेत उभ्या राहतात, रात्री गलका होतो, कचरा जिन्यात पडतो. हे सर्व खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसाने जन्मभराची पुंजी घालून घर घेतले, त्यास रात्री झोप लागली पाहिजे हे आम्हांस मान्य आहे. परंतु गलका हा गलका करणाऱ्याचा दोष आहे, अविवाहितपणाचा नव्हे. लग्न झालेल्या घरातून रात्री बारापर्यंत वाढदिवसाचे कर्णे वाजत नाहीत काय? पाणी कमी पडते तर माणशी पाण्याचा हिशेब करा. गाड्यांची अडचण होते तर गाड्यांचा नियम करा. तो नियम घरमालकाच्या मुलालाही लागू होईल आणि भाडेकऱ्याच्याही. पण तसे नको असते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असा ठराव सभेत मंजूर करून घ्यावयाचा आणि त्यास शिस्त म्हणावयाचे, ही मात्र लबाडी आहे.

आणि कायदा काय म्हणतो? शासनाने गृहनिर्माण सोसायट्यांसाठी जे आदर्श उपविधी केले आहेत, त्यांत घर भाड्याने देणाऱ्या सभासदाने सोसायटीस आगाऊ कळवावे आणि कराराची प्रत द्यावी, असे सांगितले आहे. सोसायटीपुढे परवानगीसाठी पदर पसरावा, असे सांगितलेले नाही. घर भाड्याने दिले म्हणून सोसायट्या मन मानेल तेवढा जादा आकार लावीत, त्यासही शासनाने 2001 साली सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. पोलिसांकडे माहिती देण्याचे हुकूम शहरांतून वेळोवेळी निघतात. ते घरमालकाच्या नावे असतात. म्हणजे कर्तव्य मालकाचे आहे. पण व्यवहारात तो कागद भाडेकऱ्याच्या अंगावर असा फेकला जातो, जणू तो तुरुंगातून सुटून आला आहे!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याचे 55 वे कलम आमच्या प्रत्येक वाचकाने गाठीस बांधून ठेवावे. भाड्याचा करार लेखी झाला पाहिजे, त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि ती करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय लेखी नोंदलेला करार नसेल आणि वाद उभा राहिला, तर अटींविषयी भाडेकऱ्याचे म्हणणे खरे धरावे, त्याविरुद्ध शाबीत करण्याचे ओझे मालकावर, असेही तेच कलम सांगते. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हे एजंटाचे आवडते वाक्य आपल्या राज्यात खरे नाही. कॉटवर राहणाऱ्या किती मुलांच्या हाती असा कागद आहे? वाचकांनी आपल्याच मुलास फोन करून विचारावे.

जातीवरून जागा नाकारण्याचे काय? संविधानाच्या 15 व्या कलमाने दुकान, उपाहारगृह, पाणवठा यांची दारे सर्वांस उघडली. खाजगी घराच्या दाराचा तेथे उल्लेख नाही. तथापि 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्याच्या चौथ्या कलमात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास अडथळा करणे हा गुन्हा ठरविला आहे. परंतु "खोली कालच दिली" असे हसून सांगणाऱ्यावर गुन्हा शाबीत करणार कसा? उलट 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका जमातीपुरते ठेवणारा उपविधी चालू दिला. तेव्हा कायद्याची भिंत येथे कच्च्या विटांची आहे, हे ओळखून राहिले पाहिजे.

हा अनुभव आजचा नाही. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील मोठ्या पदव्यांचे शिक्षण घेऊन बडोदे सरकारच्या नोकरीवर रुजू झाले. त्यांस शहरात कोणी जागा देईना. एका पारशी खाणावळीत परक्या नावाने त्यांनी दिवस काढले. ते कळताच काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांस बाहेर पडावे लागले. विद्वत्ता होती, नोकरी होती, भाडे देण्याची ऐपत होती. नव्हते ते एवढेच, की "कोणापैकी" या प्रश्नाचे मालकास रुचेल असे उत्तर.

छत्रपती शाहू महाराजांनी हे दुखणे फार लवकर ओळखले. त्यांनी आरंभी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. तेथे खेड्यातून आलेली बहुजनांची मुले टिकेनात. तेव्हा 1901 साली मराठ्यांचे व जैनांचे, 1906 साली मुसलमानांचे, 1908 साली अस्पृश्य मानलेल्यांचे मिस क्लार्क बोर्डिंग, आणि शिंपी, सोनार, लिंगायत अशा समाजांची बोर्डिंगे कोल्हापुरात उभी राहिली. शाळा काढून भागत नाही, शाळेपाशी मुलाची वळकटी ठेवण्यास जागा लागते, हे त्या राजास कळले होते. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही ठेवले नाही. ज्या समाजाने हे पाहिले त्याच्या मुलांनी आज एजंटाच्या माळ्यावर झोपावे, ही गोष्ट साधी नव्हे.

कोणी म्हणेल, मग अशा कोंदट खोल्या सरकारने बंदच कराव्या. हा उपायही घातक आहे. मुंबईत 1896 साली प्लेग आला आणि 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टाने दाटीची घरे पाडली, रस्ते रुंद केले. पाडलेल्या घरांतील गरीब लोक जवळच्याच चाळींत शिरले आणि तेथे अधिक दाटी झाली! गिरणगावात तर पुढे कित्येक वर्षे एका गावचे कामगार मिळून एक खोली घेत. रात्रपाळीचे कामावर गेले की दिवसपाळीचे त्याच जागी अंग टाकीत. ती खोली होती म्हणून कोकणातील आणि घाटावरील हजारो घरांची चूल पेटली. मिळून राहणे हा गुन्हा नाही. गरिबाचा तो एकमेव आधार आहे. म्हणून खोली बंद करणे हा नियम नव्हे, खोली राहण्याजोगी करणे हा नियम होय.

तो करता येतो. तामिळनाडूने 2014 साली महिला व बालके यांच्या वसतिगृहांसाठी कायदाच केला आणि चालकास परवाना घेणे भाग पाडले. बंगळूरच्या त्या वेळच्या महानगरपालिकेने ऑगस्ट 2024 मध्ये पेइंग गेस्ट घरांसाठी माणशी किमान 70 चौरस फूट जागा, रोज 135 लिटर पाणी आणि आगीपासून बंदोबस्त अशा अटी घातल्या. यांतील एकही अट भाडेकऱ्याचे आडनाव विचारीत नाही. आणि नियम कागदावरच राहिला म्हणजे काय होते, तेही दिल्लीने दाखविले. 27 जुलै 2024 रोजी जुन्या राजिंदर नगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडून मेले. ते तळघर सामान ठेवण्यासाठी मंजूर होते; तेथे अभ्यासिका थाटली होती. जात विचारणारे दरवान सर्वत्र असतात, तळघर तपासणारा मात्र वेळेवर येत नाही.

मुलींची गोष्ट तर याहून नाजूक आहे. मुलगा कोठेही पडून राहील, असे बाप म्हणतो. मुलीस चांगली खोली मिळाली नाही तर तो तिचे शिक्षणच थांबवितो आणि वर्षाच्या आत लग्न उरकतो. म्हणजे शहरातील एका वाईट जिन्यापायी खेड्यातील एक मुलगी शाळेबाहेर पडते. हा हिशेब कोणत्या नगरपालिकेच्या दप्तरी आहे?

येथवर वाचून आमचे काही वाचक खूश झाले असतील. आता थोडे कडू ऐकावे. शहरे वाढत वाढत आमच्याच रानांत आली. चाकण, भोसरी, हिंजवडी या बाजूंस ज्यांच्या जमिनी होत्या, त्यांतील पुष्कळांनी खोल्यांच्या रांगा बांधल्या आणि आज ते स्वतःच घरमालक आहेत. त्यांत आमचे सोयरेधायरे आहेत. समजा, पत्र्याच्या एका खोलीत सहा कामगार, माणशी तीन हजार रुपये. एका खोलीचे महिन्यास 18,000 झाले. ज्वारीने असे उत्पन्न कधी दिले नव्हते, म्हणून हा पैसा आम्हांस गोड लागतो. पण त्या सहा जणांना नळ किती, संडास किती, पावती कोठे आहे? आणि बिहारचा, मराठवाड्याचा, किंवा दुसऱ्या धर्माचा माणूस आला की "तुम्ही कोणापैकी" हाच प्रश्न आमच्या तोंडून निघत नाही काय? काल ज्या प्रश्नाने आमच्या बापाची मान खाली गेली, तोच प्रश्न आज आम्ही दुसऱ्याच्या बापास विचारू लागलो, तर मग आम्ही मिळविले काय? फक्त उंबऱ्याच्या आतली बाजू!

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. भाड्याने कॉट देणाऱ्या प्रत्येक घराची नगरपालिकेने अगर ग्रामपंचायतीने नोंद करावी. माणशी जागा, पाणी, मोऱ्या आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट पाहूनच परवाना द्यावा, आणि परवान्याची पाटी दारावर लावावी. पावती व नोंदलेला करार सक्तीचा करावा. जात, धर्म, आहार किंवा लग्न पाहून जागा नाकारणारा सोसायटीचा ठराव निबंधकाने रद्द करावा, आणि तेवढा अधिकार नसेल तर विधानसभेने तो द्यावा. ज्या समाजांची जुनी बोर्डिंगे शहरांत अर्धी ओस पडली आहेत किंवा मंगल कार्यालये झाली आहेत, त्यांच्या पंचांनी ती पुन्हा मुलांस, आणि सर्व जातींच्या मुलांस, उघडावीत.

आणि घरच्यांनी? पोरास खोलीवर सोडावयास जाल तेव्हा भाड्याच्या आधी जिना पाहा, खिडकी उघडते का ते पाहा, पैसे देताना पावती मागा. एजंट हसला तर हसू द्या. बैल घेताना आपण दात मोजून घेतो. मुलगा ठेवताना घराचे दात मोजण्यास लाजू नका. आणि तुमच्या स्वतःच्या दारी खोली मागण्यास कोणाचा मुलगा आला, तर त्यास नाव-गाव जरूर विचारा, करार करा, भाडे घ्या. मग त्यास पाण्याचा तांब्या द्या. "कोणापैकी" तेवढे विचारू नका.