तिजोरी न्यूयॉर्कची, सोनं जगाचं

‘डाय हार्ड’चा तिसरा भाग पाहिलाय? १९९५ चा आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या जन्माआधीचा, पण टीव्हीवर कधी ना कधी नजरेखालून गेला असेल. व्हिलन अख्ख्या न्यूयॉर्कला बॉम्बच्या धमकीमागे पळवतो. पोलिस शाळा धुंडाळत बसतात आणि इकडे त्याची माणसं सबवेच्या बाजूने बँकेच्या तळघरात घुसून सोनं डंपरमध्ये भरून निघून जातात. डंपरमध्ये! जणू रेती भरतायत.

ती बँक खरी आहे, तळघर खरं आहे आणि सोनंही खरं आहे. तशी चोरी मात्र तिथे आजवर झालेली नाही. तरी २०२५ मध्ये जर्मनीसारख्या देशात लोक विचारत होते, आपलं सोनं तिथे सुरक्षित आहे ना? चोरांची भीती कुणालाच नाहीये. मग कोणाची आहे? हा लेख त्याबद्दल आहे.

आधी इमारत बघू. पत्ता ३३, लिबर्टी स्ट्रीट, लोअर मॅनहॅटन. वॉल स्ट्रीटपासून चालत दोन-चार मिनिटांवर. हे फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ न्यूयॉर्कचं मुख्यालय. १९२४ मध्ये बँक इथे राहायला आली. यॉर्क अँड सॉयर या वास्तुविशारदांनी नमुना घेतला तो इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या जुन्या वाड्यांचा, तिथल्या सावकार घराण्यांच्या त्या दगडी, खिडक्यांना गज असलेल्या, किल्ल्यासारख्या वाड्यांचा. चुनखडीचे आणि वालुकाश्माचे मोठे मोठे दगड, आणि सॅम्युअल येलिन या कारागिराने घडवलेलं लोखंडी जाळीकाम. चारही बाजूंनी रस्ते, मध्ये एकटीच इमारत. १९६५ मध्ये न्यूयॉर्क शहराने तिला वारसा वास्तूचा दर्जा दिला.

खरी गंमत खाली आहे. रस्त्यापासून ८० फूट खाली, समुद्रसपाटीच्याही ५० फूट खाली तिजोरी आहे, आणि ती थेट मॅनहॅटनच्या मूळ खडकावर टेकलेली आहे. एवढं वजन साध्या पायाला झेपलं नसतं. या तिजोरीला दार नाही. ९० टनांचा एक पोलादी दंडगोल आहे, त्याला आरपार अरुंद वाट कापलेली आहे. दंडगोल फिरवला की वाट समोर येते, पुन्हा फिरवला की वाट गायब. मग तो किंचित खाली बसतो, बाटलीचं बूच दाबून बसवावं तसा. आत जायचं तर तीन कर्मचारी एकदम हजर लागतात. विटा हलवणारे बुटांवर मॅग्नेशियमची कवचं घालतात, कारण एक वीट साधारण साडेबारा किलोची, पायावर पडली तर संपलंच. आपल्याकडे दहा ग्रॅमचा भाव एक लाखाच्या वर गेलाय, त्या हिशेबाने एकच वीट बारा कोटींच्या पुढे जाते.

बँकेच्या २०२४ च्या आकड्यांनुसार तिथे अशा सुमारे ५ लाख ७ हजार विटा होत्या, वजन ६,३३१ टन. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे देशात-परदेशात मिळून जेवढं सोनं आहे, त्याच्या सातपट! १९७३ मध्ये तर हा साठा १२ हजार टनांच्या वर होता.

आणि यातलं न्यूयॉर्क फेडचं स्वतःचं किती? काहीच नाही. थोडं अमेरिकी सरकारचं, बाकीचं परदेशी सरकारांचं, त्यांच्या मध्यवर्ती बँकांचं आणि नाणेनिधीसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं. कप्प्यांवर देशांची नावं नाहीत, फक्त नंबर. एका देशाला दुसऱ्याचं देणं फेडायचं असलं की पूर्वी ट्रॉलीवर विटा घालायच्या आणि या कप्प्यातून त्या कप्प्यात नेऊन रचायच्या. झालं पेमेंट. ठेवणावळीचं भाडं नाही, विटा हलवल्या की मात्र पैसे पडतात.

आमच्या आजीचा एका बँकेत लॉकर आहे. घराजवळ दुसरी बँक असताना ती दोन बस बदलून तिथे का जाते, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘दगडी इमारत आहे गं, पळून कुठे जातेय?’ तेव्हा मी हसले होते. आता वाटतं, शंभर वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सचा वाडा मॅनहॅटनमध्ये बांधणाऱ्यांच्या डोक्यात तेच असणार. बँक म्हणजे शेवटी कागद आणि नोंदी, भरवसा डोळ्यांना दिसत नाही. दगड दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेची मध्यवर्ती बँक तर वॉशिंग्टनला, मग हे न्यूयॉर्कचं काय? इथे जरा इतिहास लागतो. १९०७ मध्ये अमेरिकेत बँकांवर धाड पडल्यासारखी लोकांची रांग लागली, पैसे काढायला. मध्यवर्ती बँकच नव्हती, त्यामुळे सावरायला जे. पी. मॉर्गन या खासगी सावकाराला पुढे यावं लागलं. मध्यवर्ती बँक हवी हे पटलं, पण दोन भीती होत्या. न्यूयॉर्कला दिली तर वॉल स्ट्रीटवाले खिशात घालतील, वॉशिंग्टनला दिली तर राजकारणी. म्हणून १९१३ च्या कायद्याने एक नाही, १२ बँका काढल्या. बोस्टन, शिकागो, क्लीव्हलंड, सॅन फ्रान्सिस्को... आणि देखरेखीला वॉशिंग्टनमध्ये एक मंडळ. आपल्या रिझर्व्ह बँकेची नागपूर किंवा कोलकात्याची कचेरी ही मुंबईची शाखा असते, तसं हे नाही. या प्रत्येक बँकेला स्वतःचं संचालक मंडळ आहे, स्वतःचा अध्यक्ष आहे.

व्याजदर ठरवणाऱ्या समितीत १२ मतं. त्यातली सात वॉशिंग्टनच्या गव्हर्नरांची, एक कायमचं न्यूयॉर्कच्या अध्यक्षाचं आणि उरलेली चार बाकीच्या ११ बँकांना आळीपाळीने. न्यूयॉर्कचा मान वेगळा, कारण बैठकीत ठरलेला दर बाजारात प्रत्यक्ष उतरवण्याचं काम लिबर्टी स्ट्रीटवरच्या याच इमारतीतून होतं.

सगळी सूत्रं एका हातात जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. २०२५ मध्ये नेमका त्यालाच धक्का लागला. व्याजदर कमी करा म्हणून राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प वर्षभर फेडचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांच्या मागे लागले होते. जुलैमध्ये तर हेल्मेट घालून ते वॉशिंग्टनच्या मुख्यालयाचं दुरुस्तीचं काम बघायला गेले. खर्च सुमारे अडीच अब्ज डॉलर, त्यावरून पॉवेल यांना कॅमेऱ्यासमोर घेरलं. (इमारत भरवसा देण्यासाठी बांधतात, इथे ती माणूस घालवायला वापरायची होती!) ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी लिसा कुक या गव्हर्नरला काढून टाकल्याचं जाहीर केलं. त्या कोर्टात गेल्या आणि २०२५ संपेपर्यंत पदावर होत्या. सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी जानेवारी २०२६ मध्ये ठेवली.

यात प्रादेशिक बँका कुठे येतात? सात गव्हर्नरांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात. १२ बँकांच्या अध्यक्षांची ते करत नाहीत. त्यांची निवड तिथलं संचालक मंडळ करतं, पण मंजुरी त्या सात गव्हर्नरांची लागते. शिवाय दर पाच वर्षांनी, १ आणि ६ ने संपणाऱ्या सालात, फेब्रुवारीअखेर सगळ्यांची मुदत एकदम संपते. म्हणजे सातात बहुमत मिळालं, तर बाराही खुर्च्यांवर हात पोचू शकतो. म्हणून २०२६ चा फेब्रुवारी सगळ्यांच्या डोळ्यांवर होता. डिसेंबर २०२५ मध्ये मंडळाने ११ अध्यक्षांची फेरनियुक्ती एकमताने करून टाकली (अटलांटाचे अध्यक्ष निवृत्त होणार होते). बातमी आपल्याकडे कुठेतरी कोपऱ्यात आली असेल, पण माझ्या मते वर्षातल्या मोठ्या बातम्यांपैकी ती एक होती.

आता परत तळघरात चला. तिथे सोनं ठेवणाऱ्या देशांना या भांडणाची धास्ती का वाटावी? कारण ९० टनांचा दंडगोल चोराला अडवतो. घरमालकाने कुलूप लावलं तर तो काय करणार?

आणि घरमालकाने ते लावलेलं आहे. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीतले लोक ओलीस धरले गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आदेशाने इराणची मालमत्ता गोठवली गेली. त्यात न्यूयॉर्क फेडमध्ये ठेवलेलं सुमारे ५० टन सोनंही होतं. ते सुटलं जानेवारी १९८१ मध्ये, ओलिसांबरोबरच. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हातात गेलं आणि अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्क फेडमधले सुमारे सात अब्ज डॉलर जागच्या जागी थांबले. पुढे निम्मे स्वित्झर्लंडमधल्या एका निधीकडे गेले, निम्मे कोर्टाच्या फेऱ्यात अडकले. तालिबानला पैसा द्यायला नको होता, हे मलाही मान्य आहे. पण तो पैसा अफगाण लोकांचा होता आणि निर्णय झाला वॉशिंग्टनमध्ये, हेही तेवढंच खरं.

चोरांबद्दलही एक सांगायला हवं. फेब्रुवारी २०१६ मध्ये हॅकर्सनी बांगलादेश बँकेच्या कॉम्प्युटरमधून न्यूयॉर्क फेडला ३५ खोटे आदेश पाठवले, जवळपास एक अब्ज डॉलरचे. वेळ अशी साधली की शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कमध्ये सुट्टी आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्सला पोचले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी परत आले, कारण ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं होतं. डंपर नाही, बोगदा नाही. दगडी भिंतीला ओरखडाही नाही.

त्यामुळे देश आपापलं सोनं घरी नेतायत, आणि हे काही आजचं नाही. फ्रान्सने १९६० च्या दशकातच नेलं. नेदरलँड्सने २०१४ मध्ये १२२.५ टन नेलं. जर्मनीने २०१३ ते २०१७ या काळात न्यूयॉर्कहून ३०० टन नेलं. तरी जर्मनीचं १,२०० टनांहून जास्त सोनं अजून लिबर्टी स्ट्रीटखाली आहे, आणि २०२५ मध्ये तेही आणा म्हणून मागणी झाली. तिथली मध्यवर्ती बँक म्हणते, न्यूयॉर्कवर आमचा विश्वास आहे. हे वाक्य मुद्दाम बोलून दाखवावं लागतं, यातच बदललेली हवा कळते.

आपलं काय? रिझर्व्ह बँकेच्या अहवालात परदेशी ठेवीसाठी नावं येतात ती बँक ऑफ इंग्लंड आणि स्वित्झर्लंडच्या बीआयएसची. पण प्रश्न तोच. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा आपण जवळपास ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने बाहेर नेऊन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवलं. आई-बाबांना विचारा, त्यांना ती बोच आठवत असेल. आता उलटा प्रवास चाललाय. २०२४ मध्ये इंग्लंडहून १०० टन सोनं भारतात आलं, त्यानंतरही येत राहिलं. सप्टेंबर २०२५ अखेर रिझर्व्ह बँकेच्या ८८० टनांपैकी जवळपास ५७६ टन देशात होतं.

सोशल मीडियावर याचे ‘सोनं घरी आलं’ असे अभिमानाचे रील फिरले. अभिमान ठीक आहे. पण सोनं बाहेर ठेवण्यामागे आळस किंवा गुलामी नव्हती. अडचणीत ते लगेच विकता किंवा तारण ठेवता यावं, म्हणून ते बाजारापाशी ठेवतात. लंडनमधलं सोनं एका नोंदीने हात बदलतं, मुंबईतलं आधी विमानात चढवावं लागतं. म्हणूनच सप्टेंबर २०२५ अखेर सगळं न आणता ३०० टनांच्या आसपास बाहेर ठेवलेलं होतं, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. दोन बँकांत दोन लॉकर ठेवावेत तसं.

एमएससाठी अमेरिकेत जायचं ठरवत असाल, तर हे सगळं तुमच्या कर्जाच्या हप्त्यापर्यंत येतं. तिथले व्याजदर हलले की इथले परदेशी गुंतवणूकदार हलतात आणि त्याची झळ रुपयाला लागते. डिसेंबर २०२५ मध्ये रुपया पहिल्यांदाच डॉलरमागे ९० च्या पलीकडे गेला. त्याला कारणं बरीच आहेत, सगळं फेडवर ढकलता येणार नाही. पण ते व्याजदर नियम बघून ठरणार की कुणाचा चेहरा बघून, हा खरा प्रश्न आहे. कुक यांची सुनावणी जानेवारी २०२६ मध्ये ठेवलेली होती आणि पॉवेल यांची अध्यक्षपदाची मुदत मे २०२६ पर्यंतची होती. लिबर्टी स्ट्रीटच्या तळघरातून कोण किती विटा काढून नेतं, तेही तेव्हापासून मोजत राहायला हवं.