आधी थोडं काम, मग अर्ज

बुरोंडी, लाडघर, कोळथऱ्याहून एस.टी.ने दापोलीला कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनो, आणि तुमच्या आईवडिलांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे.

स्टार्टअपमध्ये इंटर्नशिप मिळायला पुण्या-मुंबईत ओळख लागते, असं तुम्ही धरून चालता. ओळख असली तर चांगलंच. पण नव्या कंपनीत माणसं थोडी असतात आणि कामं ढीगभर. पुष्कळदा मालक स्वतःच अर्ज वाचतो. ही मुलगी आमचं काम उचलेल का, एवढंच त्याला बघायचं असतं. ते सांगत बसू नका. करून दाखवा.

मासळीचंच घ्या. बंगळूरच्या लिशियस, कॅप्टन फ्रेश या कंपन्या मासळीच्या धंद्यात उतरल्या. लहान कंपन्याही आहेत. आणि हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव तुमच्याच तालुक्यात होतो. पंधरा दिवस तिथे जा, वहीत टिपून ठेवा. कुठली मासळी आली, काय भावाने गेली, बर्फ वेळेवर मिळाला का, गाडी कुठल्या गावाला निघाली. मग मोबाईलवरच एका पानाचा तक्ता करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणून हे त्याआधी उरका.

घरी आंबा असेल तर हापूसचं बघा. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्या वाडीतल्या किती बागायतदारांनी त्यासाठी नाव नोंदवलं? ज्यांनी नाही नोंदवलं, त्यांची अडचण काय? शेजारच्या दहा जणांना विचारलंत तरी आंबा विकणाऱ्या कंपनीला ते वाचावंसं वाटेल. शहरातल्या मुलाला हे घरबसल्या मिळणार नाही.

मग पत्र. चार ओळींचं पुरे.

“नमस्कार. मी बुरोंडीची, दापोलीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हर्णैच्या लिलावातले पंधरा दिवसांचे भाव टिपून केलेला तक्ता सोबत जोडला आहे. मे महिन्यात तुमच्या खरेदी विभागात काम शिकायची इच्छा आहे.”

कंपनी बाहेरच्या राज्यातली असेल तर हेच साध्या इंग्रजीत लिहा आणि सरांना दाखवून घ्या. जाहिराती इंटर्नशाला आणि लिंक्डइनवर सापडतात. पण जाहिरात नसली तरी कंपनीच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर लिहा. मेमध्ये काम हवं तर जानेवारीतच लिहायला लागा. आठवड्याने एकदा आठवण करून द्या. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, पुढच्या कंपनीला लिहा.

आता जपायच्या गोष्टी.

इंटर्नशिपसाठी पैसे भरायचे नाहीत. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, लॅपटॉपची अनामत, नाव काहीही असो. कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे कंपनी केव्हा नोंदली आणि पत्ता काय ते दिसतं. मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात देऊ नका. “तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा” असं काम कुणी दिलं तर ताबडतोब नाही म्हणा. त्यात तुमचं खातं गोठतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलाखतीला कुणाच्या खोलीवर बोलावलं तर जाऊ नका.

सरकारी योजनांचे नियमही नीट वाचा. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. आजचा नियम बघून मगच अर्ज करा. कॉलेजातही आधी विचारा. या कामाचे श्रेयांक मिळणार असतील तर परवानगी काम सुरू होण्याआधी लागेल.

आईवडिलांनो, पुण्यात राहायचं तर खोली, डबा आणि प्रवासाचा हिशेब मानधनाशी ताडून बघा. खिशातून जास्त जात असेल तर घरून काम मिळतं का ते मुलांना विचारायला सांगा. घरून काम करायचं तर गावात रेंज जाते, वीज जाते, हेही कंपनीला आधीच सांगू द्या. लपवलं तर पुढे पंचाईत होते.

होकार आला की काम काय, कुणाच्या हाताखाली, रोज किती तास, मानधन किती आणि शेवटची तारीख कुठली, हे ईमेलवर लिहून घ्या. प्रमाणपत्र शेवटच्या दिवशीच हातात घ्या. लहान कंपन्या बंद पडतात, माणसं सोडून जातात, आणि सहा महिन्यांनी सही करायला कुणी भेटत नाही.